काल रात्रीपर्यंत चालत होता

"सर, माऊस गेला."

२०२५ च्या नोव्हेंबरातली सकाळ. सेलू तालुक्यातल्या एका गावात माझा एक जुना विद्यार्थी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. त्या लांबलचक नावाने केंद्राला गावात कोणी ओळखत नाही, सगळे 'सेतू'च म्हणतात. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत शेतं खरडून गेली होती, उभं सोयाबीन जागेवर कुजलं होतं, आणि नुकसानीच्या अनुदानासाठी ई-केवायसी करायला माणसं सकाळी आठपासून ओट्यावर येऊन बसली होती. हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि यादीतून चिठोऱ्यावर उतरवून आणलेला विशिष्ट क्रमांक. मी एका दाखल्यासाठी गेलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि एकाचंही काम झालेलं नव्हतं.

आदल्या रात्री संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करायला लावून तो घरी गेला होता. सकाळी शटर वर केलं तर पडदा नवा, चकचकीत. पण माऊस फिरवला तर काहीच हलेना. माऊस वायरलेस. त्याने सेल बदलले. पोटाखालचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. दोनदा टेबलावर आपटून पाहिला. मग पुतण्याला मोटारसायकलवर सेलूला पिटाळलं. तासाभराने साडेचारशे रुपयांचा नवा माऊस आला, खोकं फोडून लावला, आणि तोही चालेना. तेव्हा तो म्हणाला, "हा बी खराबच निघाला, सर."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे, गावातली निम्मी कागदपत्रं त्याच्या बोटांखालून जातात. तरीही दोन वेगवेगळे माऊस, एक जुना आणि एक आत्ता खोक्यातून काढलेला, एकाच सकाळी एकाच संगणकावर खराब निघू शकतात हे त्याने मान्य केलं. पण काल रात्री आपण जे बदललं त्याच्यात काही खोट असेल, हा विचार त्याच्या मनात आला नाही. 'माऊस गेला' म्हणताना त्याने निकाल देऊन टाकला होता. चौकशी व्हायचीच होती.

ओट्यावर एका कॉलेजातल्या मुलाजवळ लॅपटॉप होता. जुन्या माऊसचा नखाएवढा रिसीव्हर त्याला लावला, बाण पळायला लागला. नव्याचा लावला, तोही पळाला. म्हणजे दोन्ही माऊस धडधाकट. मग तोच रिसीव्हर सेतूच्या संगणकाच्या पुढच्या पोर्टातून काढून मागच्या पोर्टात घातला आणि चार-पाच सेकंदांत माऊस चालू झाला. कारण नंतर कळलं. त्या संगणकाच्या पुढच्या दोन पोर्टांना सांभाळणारी वेगळी चिप होती. तिचा कित्येक वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर अपग्रेडमध्ये जसाच्या तसा पुढे आला आणि नव्या सिस्टिमने त्याला उभं केलं नाही. कीबोर्ड आणि अंगठ्याचं यंत्र मागच्या बाजूला होतं म्हणून ते चालत राहिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या चिपच्या नावावर पिवळा त्रिकोण सकाळपासून उभा होता. तो बघायला माऊस लागत नाही; कीबोर्डवरून खिडकीची खूण असलेलं बटण आणि एक्स एकदम दाबलं की यादी उघडते, पुढचं काम बाणांच्या बटणांनी होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: एखादी गोष्ट अचानक बंद पडली, तर आधी झडती घ्यायची ती जे बदललं त्याची. जे काल रात्रीपर्यंत चालत होतं आणि ज्याला कोणी हात लावला नाही, त्याच्या माथी निर्दोष असल्याचा पुरावा देण्याचं काम मारायचं नाही. हे माऊसपुरतं खरं आहे, आणि माऊसच्या पलीकडे तर जास्तच खरं आहे. आपण मात्र नेमकं उलट करतो.

गंमत अशी की हीच माणसं शेतात हे करत नाहीत. विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही म्हणून परभणी जिल्ह्यातला कोणता शेतकरी सरळ नवी मोटार आणायला निघतो? तो आधी बघतो लाईट आहे का. मग तिन्ही फेज आहेत का. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग कॅपॅसिटर, मग केबलचा जोड. मोटार वर काढून वायंडिंग जळलंय का बघणं हे अगदी शेवटचं काम, कारण ते सगळ्यात खर्चाचं आणि कष्टाचं. आणि या सगळ्याच्या आधी तो एक प्रश्न विचारतो: काल कोण आलं होतं डीपीवर? लाईनमनने काही काढलं-घातलं का? या प्रश्नात निदानशास्त्राचं अर्धं पुस्तक आहे. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि शेवटचा बदल कोणता, ते सर्वांत आधी शोधायचं.

मग संगणकासमोर बसल्यावर हे शहाणपण जातं कुठं? मला वाटतं, मोटार त्याची असते आणि संगणक 'वरून' आलेला असतो. वरून आलेल्या गोष्टीला प्रश्न विचारायचा नसतो, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. माऊस आपला, स्वस्त, हातातला, म्हणून तो चुकलेला. सिस्टिम मोठी, दूरची, न दिसणारी, म्हणून ती बरोबर. चूक नेहमी उतरणीला लागलेल्या पाण्यासारखी खाली वाहते आणि सगळ्यात खालच्या माणसापाशी येऊन थांबते.

यात आम्हा शिक्षकांचा वाटा मोठा आहे, तो मी कबूल करतो. विज्ञानाच्या प्रयोगवहीत आधी निष्कर्ष लिहायचा आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं भरायची, ही सवय वर्गावर्गांतून लागली. लोलकाचा आवर्तकाल चुकीचा आला तर का आला, यावर एक तास घालवणारा शिक्षक अभ्यासक्रम पुरा करू शकत नसे. २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणक शिकवणारा अभ्यासक्रम सुरू झाला. परभणी, गंगाखेड, जिंतूर, पाथरीसारख्या ठिकाणच्या पोरापोरींनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो बहुतेक या वर्गांत, आणि तिथं मिळालेल्या धीराचं मोल मी कमी लेखणार नाही. पण कुठं क्लिक करायचं हे शिकणं वेगळं आणि क्लिक केल्यावर काहीच झालं नाही तर काय करायचं हे शिकणं वेगळं. दुसरं आपण कधी शिकवलंच नाही. त्याची जागा दोन शब्दांनी घेतली: 'फॉरमॅट मार.' निदान न करता सगळं पुसून टाकायचं. आजार कळला नाही म्हणून घर जाळून नवं बांधण्यातला हा प्रकार, आणि दर वेळी नवं बांधल्यावर मूळ कारण तिथंच राहतं.

अशा वेळी लोक म्हणतात, 'संगणक माऊस ओळखत नाही.' आता त्या 'ओळखत नाही'कडे जरा जवळून बघू, कारण सगळा घोळ त्याच्यात आहे. वायरलेस माऊसच्या बाबतीत ओळखी दोन असतात. पहिली संगणक आणि रिसीव्हरची. रिसीव्हर पोर्टात गेला की संगणक त्याला विचारतो, तू कोण? तो दोन आकडे सांगतो, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा, आणि मी कुठल्या वर्गातला हेही सांगतो. माऊस-कीबोर्डांचा वर्ग इतका ठरलेला आहे की साध्या माऊसला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. दुसरी ओळख रिसीव्हर आणि माऊसची. ती हवेतून, २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर होते आणि बहुतेक माऊसांत ही जोडी कारखान्यातच लावून दिलेली असते. ब्लूटूथ माऊस असेल तर रिसीव्हर नसतो. तिथं जोडीची किल्ली संगणकात साठवलेली असते, आणि सिस्टिम पुसून नव्याने टाकली की ती किल्ली जाते, जोडी पुन्हा लावावी लागते.

म्हणजे 'माऊस ओळखत नाही' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायला हवा: कोण कोणाला ओळखत नाही? डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिसीव्हर दिसतो का? दिसत असेल तर पहिली ओळख शाबूत आहे, बिघाड हवेत आहे किंवा माऊसमध्ये आहे. सेल, बटण, अंतर बघा. रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टात, चालू हार्ड डिस्कच्या शेजारी असेल तर तो तिथून हलवा. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे. रिसीव्हर दिसतच नसेल तर माऊसचे सेल दहादा बदलूनही काही होणार नाही. बिघाड पोर्टात, ड्रायव्हरमध्ये किंवा वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवणाऱ्या सेटिंगमध्ये आहे. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीतून त्या पोर्टाची नोंद काढून, संगणकाला पुन्हा शोधायला लावून, रीस्टार्ट करावं. आणि रीस्टार्टच करावं, बंद करून चालू नव्हे. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर सिस्टिमचा गाभा खरोखर मिटत नाही, लवकर उठता यावं म्हणून तो डिस्कवर तसाच ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो, आदल्या दिवशीच्या घोटाळ्यासकट. रीस्टार्टमध्ये मात्र तो नव्याने उभा राहतो. मी हे सांगतो तेव्हा लोकांना उलट वाटतं. रात्रभर बंद होता, तरी फरक नाही, म्हणजे माऊसच गेला, असा त्यांचा हिशेब असतो.

सेतूवरचा त्या सकाळचा बिघाड दोन माऊसांत नव्हता, एकट्या संगणकातही नव्हता. तो दोघांच्या मधल्या ओळखीत होता. मधल्या गोष्टीला मालक नसतो. त्यामुळे तिची चूक कोणाच्या तरी अंगावर ढकलावी लागते, आणि ती कोणाच्या अंगावर जाते ते मी वर सांगितलं.

जुन्या वस्तूला न ओळखणं हा प्रगतीचा अटळ नियम आहे, असं काही जण म्हणतात. तसं मुळीच नाही, आणि याचा पुरावा माऊस स्वतःच आहे. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमाराला अमेरिकेत लाकडी खोक्याचा पहिला माऊस बनवला. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टने तो जगाला दाखवला. १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं आणि माऊस-कीबोर्डसारख्या वस्तूंनी स्वतःची ओळख कशी करून द्यायची याची एक सामाईक बोली ठरली. त्यानंतर कितीतरी ऑपरेटिंग सिस्टिम आल्या आणि गेल्या. तरी वीस वर्षांपूर्वीचा यूएसबी माऊस आज दुकानातून आणलेल्या संगणकाला लावा, तो चालतो. कोणीतरी शब्द दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो पाळला गेला. नवं आणतानाही जुन्याला दारात उभं न करणं शक्य असतं, ते असं. म्हणूनच जेव्हा ते घडत नाही तेव्हा चौकशी मागायचा आपल्याला हक्क आहे.

आणि बदल करणारा कितीही मोठा असला तरी चुकतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा असलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच दिवशी विंडोज ११ साठी जे अपडेट निघालं, त्याने एक विचित्र गोष्ट केली: संगणक दुरुस्त करण्यासाठी जी वेगळी आपत्कालीन जागा असते, तिच्यात यूएसबी माऊस आणि कीबोर्ड चालेनासे झाले. एरवी दोन्ही व्यवस्थित. फक्त संगणक अडला, दुरुस्तीच्या पडद्यावर गेला, की तिथं बोट टेकवायला काही नाही. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली आणि २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती काढली. सहा दिवसांत चूक सापडली, कारण जगभरातल्या जाणत्या लोकांनी माऊस फेकून देण्याऐवजी विचारलं: काल काय बदललं? समजा सगळ्यांनी सेल बदलले असते आणि नवे माऊस आणले असते, तर ती चूक किती दिवस पचली असती?

मग अपग्रेड करूच नये का? करायलाच हवं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतले संगणक बंद पडले, ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये निघालेलं होतं. ज्यांनी ते घातलं नव्हतं ते सापडले. ज्या संगणकावर गावाचे आधार क्रमांक, बँकखाती, सातबारे उघडतात तो जुन्या, अपडेट न मिळणाऱ्या सिस्टिमवर चालवणं म्हणजे पेटीला कुलूप न लावता जत्रेला जाणं. माझ्या विद्यार्थ्याने अपग्रेड केलं हे योग्यच केलं. प्रश्न आहे तो बदल कसा करावा आणि बदलानंतर जबाबदारी कोणाची, हा.

मराठवाड्याने या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर पाहिलेलं आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पण लोकांच्या कनवटीचा हाली सिक्का त्या दिवशी मातीमोल झाला नाही. सात हालीला सहा कळदार, म्हणजे भारतीय रुपये, या भावाने दोन्ही नाणी काही वर्षं शेजारी शेजारी चालली. हाली पुरता बंद झाला तो १९५९ साली. मधेच १ एप्रिल १९५७ ला सगळ्या देशात दशमान नाणी आली, रुपयाचे चौसष्ट पैसे होते ते शंभर 'नवे पैसे' झाले. तेव्हाही आणे एका रात्रीत बाद केले नाहीत. जुनं-नवं दोन्ही चालत होतं, भावांचे तक्ते छापून वाटले होते, आणि नाण्यावरचा 'नवे' हा शब्द काढला तो १ जून १९६४ ला, सात वर्षांनी. 'सोळा आणे खरं' हा शब्दप्रयोग तर आजही चालतो. बाजारात भाजी विकणाऱ्या अडाणी बाईवर 'तुझा आणा मला ओळखू येत नाही' असं म्हणण्याची वेळ सरकारने येऊ दिली नाही. बदल करणाऱ्यानेच मधला पूल बांधला होता.

सातबाऱ्याच्या बाबतीतही असंच एक चांगलं पाऊल पडलं होतं. हस्तलिखित सातबारा संगणकात चढवताना कुठं नाव गळालं, कुठं क्षेत्राचा आकडा चुकला, कुठं बोजा राहून गेला. तेव्हा २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडीवाचन झालं. संगणकात काय उतरलंय ते चावडीवर वाचून दाखवायचं आणि लोकांनी हस्तलिखिताशी ताडून चूक सांगायची. या योजनेत जे तत्त्व होतं ते मला फार मोलाचं वाटतं: बदल आम्ही केला, म्हणून तो बरोबर आहे की नाही हे विचारायला आम्हीच तुमच्या दारात आलो. पण ज्यांची चूक त्या वाचनात सुटली, त्यांचं काय झालं? त्यांना आज जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करावा लागतो, जुनी नक्कल शोधावी लागते, तहसिलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. बापजाद्यांपासून वहीत असलेलं नाव संगणकाने गाळलं, आणि पुरावा द्यायचा तो नावाच्या मालकाने. इथं तत्त्व पुन्हा उलटं झालं. जे बदललं नव्हतं, त्यालाच पिंजऱ्यात उभं केलं.

त्या सकाळी सेतूवर हेच मी पुन्हा पाहिलं, माऊस चालू झाल्यानंतर. रांगेत एक आजी होत्या. सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावरून पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं आधार. त्यांनी अंगठा काचेवर टेकवला. लाल खूण. पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. विद्यार्थी सवयीने म्हणाला, "आजी, तुमचा अंगठा येईना." आजींनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, लुगड्याला पुसला आणि म्हणाल्या, "अंगठा तर तोच हाय की रे लेकरा."

मी जवळून पाहिला तो अंगठा. रेषा जवळजवळ नव्हत्याच. खुरपं धरून, कापूस वेचून, राख लावून भांडी घासून त्या गेल्या होत्या. एका बाजूला खोल चीर, तिच्यात काळ्या मातीची रेघ. इथं माऊसचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला मान्य आहे. इथं बदललं होतं ते यंत्र नव्हे, बोट बदललं होतं, चाळीस-पन्नास वर्षांत, हळूहळू. पण जी व्यवस्था शेतकरी बायांसाठी उभी केली तिला बायांचे अंगठे झिजतात हे आधीच माहीत असायला नको का? आणि खरं तर ते माहीत होतंच. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, पडताळणीला कोणतंही बोट चालतं. डोळ्याची बुबुळं आणि चेहरा हेही मार्ग ठेवलेले आहेत. वाट होती. ती कोणी दाखवली नव्हती, कारण 'अंगठा येईना' म्हटलं की चौकशी संपते. आजी याआधी दोनदा परत गेल्या होत्या.

"दुसरं बोट लावून बघ," मी म्हणालो. तर्जनी, लाल. मधलं, लाल. अनामिकेला हिरवी खूण आली. खुरपं धरताना त्या बोटावर भार कमी येतो, म्हणून बहुधा तिच्या रेषा टिकल्या असाव्यात. आजींनी काही विचारलं नाही, पिशवी उचलली, आणि बाहेर जाऊन शेजारणीला सांगितलं की शेवटून दुसरं बोट लाव. दुपारपर्यंत त्या ओट्यावरच्या चार-पाच बायांचं काम त्याच बोटाने झालं. एका बाईने केलेलं निदान तासाभरात सगळ्या रांगेला पोचलं, हे मला त्या दिवसातलं सगळ्यात मोठं वाटलं.

मी असं म्हणत नाही की जुनं ते सगळं निर्दोष. माऊस खरंच मरतात. सेल फुटून आतला पत्रा हिरवा पडतो, बटणाची स्प्रिंग जाते, रिसीव्हर वाकतो. कधी खातेदारच चुकीचा कागद घेऊन येतो. जे बदललं त्याची झडती आधी, याचा अर्थ शेवटी दोष त्याच्यातच निघेल असा नाही. अर्थ इतकाच की क्रम सरळ असावा, आणि तपास पुरा होईपर्यंत कोणाला परत पाठवू नये. न्यायालयात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा, हे आपण शाळेत शिकतो. संगणकाच्या खिडकीपाशी आरोप आपोआप होतो आणि पुरावा समोरच्याकडून मागितला जातो, याची कोणाला खंत वाटत नाही.

म्हणून जे हे काम करतात, सेतूवाले, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, शाळांतले कारकून, त्यांच्याकडे माझं मागणं आहे. काही बदलाल तेव्हा तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा: अपग्रेड, नवा ड्रायव्हर, हलवलेली वायर, काहीही. सकाळी काही अडलं तर आधी ती वही उघडा, मग माऊस आपटा. एक वायरचा, साधा माऊस खणात ठेवा. तो अडीअडचणीला कामाला येतो आणि निदानालाही येतो. बिघडलेली वस्तू टाकायच्या आधी दुसऱ्या संगणकाला लावून बघा. विंडोज अपग्रेड केल्यावर पहिले दहा दिवस जुन्या सिस्टिमवर परत जाण्याची सोय असते, तेवढ्या दिवसांत जागा कमी पडते म्हणून जुन्या फाइली पुसू नका. आणि अंगठा येत नसेल तर माणसाला दहा बोटं असतात, ती सगळी विचारा.

सरकारकडे मागणं याहून साधं आहे. पोर्टल बदलायचं, नवं यंत्र सक्तीचं करायचं, यादीची पद्धत बदलायची, तर ते रांगा नसतात तेव्हा करा, आणि जुनी पद्धत काही आठवडे शेजारी चालू ठेवा. नाण्यांच्या वेळी जमलं होतं, संगणकाच्या वेळी न जमण्याचं कारण नाही.

माझ्या विद्यार्थ्याने वही घातली आहे. पहिल्या पानावर त्या रात्रीच्या अपग्रेडची तारीख आहे आणि खाली 'पुढचे पोर्ट – ड्रायव्हर' एवढंच लिहिलं आहे. जुना माऊस मागच्या पोर्टावर अजून चालतो. जिल्ह्यात पुष्कळ संगणक अजून विंडोज १० वरच आहेत. घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने जी जादा मुदत दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. ते दिवस आपल्याकडे सोयाबीनच्या काढणीचे असतात आणि सेतूवर पाय ठेवायला जागा नसते. अपग्रेड करायचं असेल त्यांनी ते मे महिन्यात करावं.